दार उघडं ठेवून भाजणारी बाई

निघायला अर्धा तास उरला होता तेव्हा बाबांनी माझी बॅग परत उघडली. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर ती आडवी पडली होती, चार शेजारी निरोपाला आले होते, रिक्षावाला घाई करत होता आणि बाबा एकेक कपडा बाजूला सारून काहीतरी शोधत होते. शेवटी सापडलं. आईनं सहा पिशव्यांत गुंडाळून, वरून जुन्या साडीचा तुकडा बांधून दिलेली सुक्या बोंबलाची चटणी. ती त्यांनी उचलून आईच्या हातात दिली आणि त्या जागी लिंबाच्या लोणच्याची बरणी ठेवली. मला म्हणाले, "तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही, सुजू. तसंच राहू दे." आई पुडकं पदराखाली धरून आत गेली आणि रिक्षा सुटेपर्यंत बाहेर आलीच नाही.

तुम्ही जे भुसावळात राहिलात आणि माझ्या फोटोंखाली ‘मस्त’ लिहिता, आणि तुम्ही जे माझ्यासारखेच उठून इथं न्यू जर्सीत आलात, दोघांनाही हे सांगायचंय. गोड लिहिणार नाही. मला राग आलाय. तो वर्षभर गिळून बघितला, पचला नाही.

बाबांना दोष देऊन मोकळं होता येत नाही. ते वर्कशॉपमध्ये फिटर होते, आणि आमच्या रांगेत आमचं एकच घर जय भीमवाल्यांचं. आई सुके बोंबील भाजायची तो कार्यक्रम मला पाठ आहे. आधी दोन्ही खिडक्या लावायच्या. मग दाराच्या फटीला ओलं फडकं. मग उदबत्ती. बाबा बाहेर ओट्यावर पेपर घेऊन बसणार, म्हणजे कुणी येताना दिसलं की खोकायचं. आणि मग आत तवा चढायचा. मे महिन्यातलं भुसावळ ज्यांनी बघितलंय त्यांना बंद खोलीत चूल पेटवणं म्हणजे काय ते सांगायला नको. आम्ही दोघी बहिणी घामानं निथळत भाकरी आणि चटणी खायचो, आणि आमचं खाऊन होईपर्यंत आई एका हातानं पदरानं वारा घालायची. "खिडक्या लावून घे गं" हे वाक्य मी ‘अभ्यास कर’पेक्षा जास्त वेळा ऐकलंय. का लावायच्या हे कधी विचारलं नाही. दुसऱ्यांच्या घरीही असंच करत असतील असं मला दहावीपर्यंत वाटत होतं.

इथं आले. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी लागली, नागपूरच्या प्रवीणशी लग्न झालं, मुलगी झाली, मैत्री, आणि एडिसनमध्ये टाउनहाउस घेतलं. घर बघायला गेलो तेव्हा शेजारच्या पाटिओतून मराठी ऐकू आलं आणि मला इतका आनंद झाला की मी किचनचे कप्पेसुद्धा नीट उघडून बघितले नाहीत. आपली माणसं! कॉम्प्लेक्समध्ये पंधरा मराठी घरं, त्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप, गणपती, भोंडला, सगळं साग्रसंगीत. ज्या पाटिओतून मराठी ऐकू आलं तो मीनलचा. मीनल पुण्याची. पहिल्याच दिवशी बटाटेवडे घेऊन आली, आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग गावात नेमकं कुठं ते विचारलं. मग म्हणाली, "अच्छा." त्या ‘अच्छा’तला स्वर तुमच्यापैकी निम्म्यांना आत्ता कानात ऐकू आला असेल, आणि उरलेल्या निम्म्यांना मी काय म्हणतेय ते कळलंच नसेल. त्यानंतर ती माझ्याशी कधी वाईट वागली नाही. फक्त पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ करून आणायच्या जेवणाला, तिनं केलेल्या यादीत माझ्या नावापुढे दर वेळी पेपर प्लेट आणि ज्यूस असायचा. सात वर्षं मी पेपर प्लेट नेल्या आणि वर थँक यू म्हटलं.

तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही म्हणे! बाबा, आठ हजार मैल आले आणि पाच मिनिटांत ओळखलं.

एक जेवणाचं ठिकाण मला सापडलं, नव्हे, नाकाला सापडलं, नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात. आमची लॅब न्यूअर्कमध्ये आहे. जेवणाच्या सुट्टीत मी बँकेत निघाले होते, थंडीनं कान बधिर झाले होते आणि एका कोपऱ्यावर पाय थांबले. कोळशावर खारं वाळलेलं मासळं भाजल्याचा वास. चुकणं शक्य नाही. मी भर रस्त्यात आजूबाजूला बघितलं, कुणाच्या खिडक्या उघड्या राहिल्या म्हणून. आणि दिसलं काय, तर एक छोटंसं पोर्तुगीज रेस्टॉरंट, दार सताड उघडं, धुराडं सरळ फुटपाथवर सोडलेलं.

नाव सांगणार नाही. सांगितलं तर उद्या फोटो काढायला पोचाल. आत बारा टेबलं, टेबलांवर कागद अंथरलेला, भिंतीवर टीव्ही आणि टीव्हीवर कायम फुटबॉल. बसलं की न विचारता मक्याचा पाव येतो, जाड सालीचा, आपल्या भाकरीचा लांबचा नातेवाईक. कोबीसारख्या हिरव्या पाल्याचं सूप. आणि मग बाकल्याव, म्हणजे खारवून लाकडासारखा कडक वाळवलेला कॉड मासा. दीड-दोन दिवस भिजवून, पाणी बदलून बदलून त्याचं खारेपण उतरवायचं, मग निखाऱ्यावर भाजायचं, वर लसूण आणि तेल, बाजूला उकडलेला बटाटा आणि कच्चा कांदा. अर्धी प्लेट मागवली तरी दोघांना पुरते. येणारी माणसंही आपल्यातलीच, गवंडी, पेंटर, शाळेची बस चालवणाऱ्या बायका. मालकीण डोना अमेलिया, सत्तरीकडे झुकलेली, एकोणिसाव्या वर्षी पोर्तुगालच्या कुठल्याशा खेड्यातून आलेली. पहिल्या दिवशी मी हातानं काटा काढून खाताना तिनं बघितलं, आणि माझ्यासमोरचा काटा-चमचा उचलून घेऊन गेली. म्हणाली, "हां, तुला येतं खाता."

दर गुरुवारी मी तिथं जायचे. एकटी. प्रवीणलाही दोन वर्षं सांगितलं नव्हतं. त्यात चोरण्यासारखं काय होतं ते तेव्हा विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

बाबा गेल्यावर गेल्या वर्षी आई पहिल्यांदा आली. सहा महिन्यांसाठी. तिच्या बॅगेत, तशाच सहा पिशव्यांत, तसंच साडीच्या तुकड्यात बांधलेले दोन किलो सुके बोंबील. या वेळी बाहेर काढायला बाबा नव्हते. किचनच्या ओट्यावर पुडकं ठेवून आई म्हणाली, "तेव्हाचे राहिले होते तुझे."

दुसऱ्या आठवड्यात, शनिवारी, तिनं तवा चढवला. मी वर कपडे घड्या करत होते. खाली आले तर खिडक्या लावलेल्या, पाटिओचं दार लावलेलं, फटीला टॉवेल. कुणी सांगितलं नव्हतं. अमेरिकेत, स्वतःच्या लेकीच्या घरात, सत्तर वर्षांची बाई कामाला लागण्याआधी सगळी फट-न्-फट बुजवून मोकळी झाली होती. मैत्री शेजारी उभी राहून टॉवेल सरळ करत होती, तिला तो खेळ वाटत होता. मी गॅसवरचा एक्झॉस्ट लावला आणि म्हटलं, आता धूर जाईल. गेलाच. आमच्या एक्झॉस्टचं तोंड मीनलच्या पाटिओवर उघडतं हे मला सात वर्षांत माहीत नव्हतं, कारण सात वर्षांत मी त्या घरात वास येईल असं काही रांधलंच नव्हतं. खिडक्यांनी तोंड मिटलं आणि धुराड्यानं चुगली केली.

दहा मिनिटांत ग्रुपवर मीनलचा मेसेज. "गाईज, कुणाच्या घरात काही मेलंय का? प्लीज चेक करा. आमच्याकडे गेस्ट आहेत." खाली दोन हात जोडलेले. मग कुणीतरी नाक धरलेलं चित्र टाकलं. मग अजून एकानं लिहिलं की आपलीच कम्युनिटी आहे, थोडा सिव्हिक सेन्स ठेवूया. मागं आई मैत्रीला पहिला घास भरवत होती आणि मैत्री हाशहूश करत "वन मोर, आजी" म्हणत होती.

आता मी काय लिहिलं ते ऐका. जसंच्या तसं सांगते, कारण हे लिहायचं तर हे टाळून चालणार नाही. मी लिहिलं, "सो सॉरी! आमच्याकडे इंडियाहून गेस्ट आल्या आहेत, त्यांना माहीत नव्हतं. पुन्हा होणार नाही."

गेस्ट. जिनं मे महिन्यात बंद खोलीत मला पदरानं वारा घातला ती गेस्ट. मला कुणी बंदूक लावली नव्हती. तो शब्द मी शोधलाही नाही, आपोआप बोटांत आला. आणि वर आईला सांगितलं, "आई, इथं भाजू नकोस हं, फायर अलार्म वाजतो." ती "बरं" म्हणाली. उरलेल्या बोंबलांचं पुडकं तिनं स्वतःच फ्रीजरच्या तळाशी, मटारच्या पिशव्यांखाली नेऊन ठेवलं आणि त्यानंतर महिनाभर मुकाट्यानं वरणभात खाल्ला.

मला ते बघवेना. मग मी काय केलं, तर तिला न्यूअर्कला घेऊन गेले. म्हणजे घरात खाऊ देणार नाही, पण पंचवीस मैल लांब, जिथं आपलं कुणी नाही, तिथं नेऊन खाऊ घालणार! बाबांचीच लेक मी.

पण आई तिथं खुलली, हे मात्र खरं. पहिल्या रविवारी गाडीतून उतरल्या उतरल्या नाक वर करून उभी राहिली. मग म्हणाली, "सुजू, कोणीतरी खिडकी लावायला विसरलंय." मी तिला उघडं दार दाखवलं. आत बसली, पण अंग चोरून. डोना अमेलियानं प्लेट ठेवताना "बटाटा" म्हटलं (पोर्तुगीजमध्येही तो बटाटाच) तेव्हा दचकून माझ्याकडे बघितलं, हिला मराठी कसं येतं म्हणून. पहिला घास खाल्ला, थांबली, आणि दुसरी अर्धी प्लेट मागव म्हणाली.

तिसऱ्या रविवारी ती थेट स्वयंपाकघरात. डोना अमेलियाला इंग्रजी येतं पण आईला येत नाही, आणि दोघींचं काहीही अडलं नाही. डोना अमेलियानं माशाच्या टपाचं झाकण काढून तीन बोटं दाखवली, तीनदा पाणी बदललं. आईनं बोट बुडवून चाखलं, मान हलवली आणि चार बोटं दाखवली. यावर दोघींचं बराच वेळ आपापल्या भाषेत भांडण झालं. बाहेर आली तेव्हा आईच्या हातात काचेच्या बाटलीतलं घरचं तिखट होतं, आणि चेहरा असा होता की मला माझ्या लहानपणचं तिचं तोंड आठवावं लागलं. टेबलाशी बसून ती मला म्हणाली, "ही बाई दार उघडं ठेवून भाजते."

"हो."

"कोणी काही म्हणत नाही?"

मी ते डोना अमेलियाला विचारलं. ती हसली. सुरुवातीला म्हणायचे, म्हणाली, वरचा भाडेकरू खाली येऊन आरडाओरडा करायचा. मग? मग काही नाही, आम्ही भाजत राहिलो, तोच एक दिवस जेवायला येऊन बसला. आईला हे सांगितलं तर ती हसली नाही. पुढं बराच वेळ ती त्या दाराकडे बघत होती आणि भाकरीसारखा तो पाव कुसकरत होती.

पाचव्या रविवारी आम्ही चौघं होतो. प्लेट नुकत्याच आल्या होत्या आणि दारातून मीनल आली. मागं तिचा नवरा कौस्तुभ आणि आमच्याच ग्रुपमधली अजून दोन जोडपी. कुठल्याशा रीलमध्ये हे ठिकाण बघितलं होतं म्हणे. "अगं सुजाता! तू पण? कसलं क्यूट आहे ना!" शेजारचं टेबल त्यांनी जोडून घेतलं. मग तिचं लक्ष आईकडे गेलं. अगदी हसून, अगदी अदबीनं म्हणाली, "या तुमच्या त्या इंडियाहून आलेल्या गेस्ट ना? नमस्कार मावशी. आवडली का अमेरिका?"

आईनं नमस्कार केला. मग म्हणाली, "मी हिची आई."

"अय्या, आई का! सुजाता ग्रुपवर म्हणाली होती गेस्ट आल्यात."

आईनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. बाजारात वजनात मारलं की ती विक्रेत्याच्या तराजूकडे बघायची, तसं. आणि परत आपल्या प्लेटीकडे वळली.

तेवढ्यात मीनलकडे बाकल्याव आला. तिनं प्लेट नाकाजवळ नेली, डोळे मिटले. "ओ माय गॉड, हा स्मोक बघ. किती रस्टिक! लिस्बनला खाल्लं होतं ना कौस्तुभ, एक्झॅक्टली तेच." आणि फोटोसाठी फोन काढला.

मी उठले. उठायचं ठरवलं नव्हतं. म्हटलं, "मीनल, ती सुकी मासळी आहे. खारवून वाळवलेली. तुझ्या पाटिओवर मेलं होतं ना त्या दिवशी, तेच. फक्त ते माझ्या आईनं भाजलं होतं."

"अगं, मला काय माहीत ते तुमच्याकडचं होतं... आय मीन, जनरल लिहिलं होतं मी."

"आणि सात वर्षं माझ्या नावापुढं पेपर प्लेट लिहिल्यास, त्यापण जनरलच?"

कौस्तुभ म्हणाला, "सुजाता, यार, जेवायला आलोय, इथं कशाला हे." मीनलचे डोळे भरले. ती म्हणाली की तिच्या मनात असलं काही कधी आलंच नाही. आणि मला वाटतं ते खरंही असेल. मनात यायची गरजच नाही, इतकं ते सवयीचं आहे. पण मी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. माझा आवाज चढला, फुटबॉल बघणारी माणसं वळून बघायला लागली, मैत्री प्रवीणला चिकटली. डोना अमेलिया पावाची टोपली घेऊन आमच्या दोघींच्या मधे येऊन उभी राहिली आणि टोपली खाली ठेवेना.

आई म्हणाली, "सुजू, खाली बस. गार होतंय." आणि तिनं आपली पूर्ण प्लेट संपवली. काटे एका कडेला लावले. हात धुवून आली. जाताना डोना अमेलियाचे दोन्ही हात हातात घेतले.

गाडीत मला वाटत होतं, चला, उशिरा का होईना, मी आईच्या बाजूनं बोलले. खरं सांगायचं तर छाती थोडी फुगलीही होती. घरी पोचल्यावर आईनं चप्पल काढली, सोफ्यावर बसली आणि मैत्रीला म्हणाली, "आईनं काय लिहिलं होतं ते वाच." मैत्रीला मराठी वाचता येतं, तेही आईनंच गेल्या दोन महिन्यांत शिकवलेलं. मी नको म्हटलं. आई म्हणाली, "तू गप." माझ्या फोनवरून माझ्या लेकीनं एकेक अक्षर लावत ते वाक्य वाचलं. गेस्ट आल्या आहेत. त्यांना माहीत नव्हतं. पुन्हा होणार नाही.

"ती बाई परकी," आई म्हणाली. "तिचं मला काय? सॉरी तू लिहिलंस."

मी म्हटलं, "आई, तू पण तर आयुष्यभर खिडक्या लावल्यास."

"लावल्या. तुमच्या शाळेत कोणी काही बोलू नये म्हणून लावल्या. पण माफी नाही मागितली कोणाची. एकदासुद्धा."

चौथ्या दिवसाचं तिकीट तिनं प्रवीणला काढायला लावलं. सहातले तीन महिने अजून राहायचे होते. विमानतळावर मी पुन्हा पुन्हा विचारलं, परत कधी येशील? ती म्हणाली, "गेस्ट एकदाच येतात." चाकाच्या खुर्चीवर बसवून तिला आत नेलं. तिनं मागं वळून बघितलं नाही. भुसावळच्या ओट्यावरूनही ती अशीच आत गेली होती; या वेळी सोडून जाणारी ती होती, एवढाच फरक.

तेव्हापासून मी फोन करायचे, ती उचलायची. औषध घेतलं का, घेतलं. जेवलीस का, जेवले. मैत्रीशी मात्र अर्धा अर्धा तास बोलायची.

नोव्हेंबरात एका रविवारी फ्रीजरमध्ये मटार शोधताना ते पुडकं हाताला लागलं. साडीच्या गाठीवर बर्फ धरला होता. मी तवा चढवला. भांड्यांचा आवाज ऐकून मैत्री अभ्यासावरून उठली. तिनं हॉलची खिडकी लावली, किचनची लावली, पाटिओच्या दाराच्या फटीला टॉवेल टाकला आणि एक्झॉस्ट बंद केला. "इट गोज टू मीनल आंटीज साइड," ती म्हणाली. वय वर्षं दहा.

"तुला कुणी सांगितलं खिडक्या लावायला?"

"नोबडी. दॅट्स व्हॉट वी डू."

मी इतक्या जोरात ओरडले की पोर रडायला लागली. तिची काय चूक? भुसावळच्या ओट्यापासून जे चालत आलं ते तिनं न सांगता उचललं होतं, आणि मीच ते तिच्या हातात दिलं होतं. तिला जवळ घेतलं. मग टॉवेल उचलला, दोन्ही खिडक्या उघडल्या, दार उघडलं. बाहेर बर्फ पडायच्या बेतात. प्रवीण वरून ओरडला, "हीटिंग चालू आहे, यार!" मी म्हटलं, असू दे.

आणि तवा तापेपर्यंत ग्रुपवर लिहिलं, "मागे मी गेस्ट म्हणाले होते, ती माझी आई होती. तेव्हाची माझी सॉरी मी परत घेते. आज आमच्याकडे सुके बोंबील भाजणार आहे. ज्यांना वास चालत नाही त्यांनी आपापल्या खिडक्या लावून घ्याव्यात."

बराच वेळ नुसत्या निळ्या खुणा. मीनलच्या घराची खिडकी लागल्याचं ऐकू आलं. दोघं ग्रुपमधून बाहेर पडले. मग कोपऱ्यावरच्या घरातल्या मालवणी काकांनी विचारलं, "किती वाजता? सोलकढी घेऊन येतो." काका आले, भरपूर जेवले, आणि बोलता बोलता म्हणाले की तेही इतकी वर्षं रात्री उशिरा, खिडक्या लावूनच तळतात. मला त्यांच्यावरही राग आला. गणपतीच्या पॉटलकला यांच्या नावापुढं ‘मालवणी स्पेशल’ लिहितात, कोलंबीसुद्धा चालते. माझ्या नावापुढं पेपर प्लेट. तुम्ही कशाला लपता काका, तुम्हाला कोण काय म्हणणार होतं? हे मी त्यांना जेवताना तोंडावर विचारलं. त्यांनी घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, "खरंय तुझं," आणि अजून थोडी चटणी मागितली.

घर म्हणजे काय ते मला पूर्वी फार सुरेख सांगता यायचं, मंडळाच्या अंकात दोनदा लिहिलंही होतं, त्यात तुळस होती. आमच्या घरी तुळस कधीच नव्हती. आता विचाराल तर एवढंच सांगेन की जिथं मी उघड्या दारानं भाजू शकते आणि जिथं माझी आई गेस्ट नाही, ते घर. ते अजून पुरतं झालेलं नाही. खिडक्या उघडल्यात, पण ती इथं नाही.

त्या मेसेजचा फोटो मैत्रीनं आजीला पाठवला, मला न विचारता. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. तिनं स्वतःहून केलेला, गेल्यापासूनचा पहिला.

"नंतर परत सॉरी म्हणालीस का कोणाला?"

"नाही."

"तिखट किती घातलंस?"

मी सांगितलं. ती म्हणाली, कमी पडलं असणार. मागं तिच्या घरातला पंखा ऐकू येत होता.

"सुजू," ती म्हणाली, "माझ्या पासपोर्टात तो व्हिसा लावलाय ना, तो अजून किती वर्षं चालतो?"